अरुंद डॅशबोर्डमध्ये नवा ईसीयू बसवताना

इंजिनाला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी हे ठरवणारा गाडीतला संगणक म्हणजे ईसीयू. मूळ ईसीयू काढून त्याच्या जागी स्वतः प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू बसवायचे ठरले, की बहुतेकांचे सगळे लक्ष मॅपिंगकडे, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीचे आकडे भरण्याकडे, जाते आणि ईसीयूची पेटी नेमकी कुठे बसवायची हा प्रश्न शेवटच्या संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. मग ती ब्लोअरच्या शेजारी दोन केबल टाय लावून लटकवली जाते. मी हे काम एका जुन्या मारुती एस्टीममध्ये दोनदा केले आहे. दोनदा करावे लागले, कारण पहिल्यांदा मी पेटीची मापे घेतली आणि तिच्यातून निघणाऱ्या वायरिंगची घेतली नाहीत. पेटी मावली, वायरिंगचा कपलरही (जोडणीचा प्लग) कसाबसा लागला, पण तो काढायचा झाला तर निम्मा डॅशबोर्ड उतरवावा लागे. त्यातच कपलरचे तोंड वर होते. पहिल्या पावसाळ्यात बॉनेटखालून वायरिंगवरून ओघळत आलेले पाणी थेट त्या तोंडात उतरले आणि चार पिना हिरव्या पडल्या.

हे काम कोणत्या गाडीत करावे, हे आधी स्पष्ट करतो. नव्या गाड्यांमध्ये मूळ ईसीयू हा मीटर, इमोबिलायझर, एबीएस यांच्याशी कॅन वायरिंगवरून (गाडीतील संगणकांना आपसांत जोडणाऱ्या वायरींवरून) सतत बोलत असतो. तो काढून टाकला की इंजिनाबरोबर आणखी पाच गोष्टी बंद पडतात. शिवाय रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला पीयूसीच्या मर्यादा लागू राहतातच. त्यामुळे पुढील मजकूर बंद ट्रॅकवर किंवा स्पर्धेत चालवायच्या, साध्या वायरिंगच्या जुन्या गाडीसाठी आहे असे समजावे.

पहिले काम मोजण्याचे आहे. उदाहरणादाखल पेटी १५० मिमी लांब, १०० मिमी रुंद आणि ३५ मिमी जाड आहे असे धरू. कपलर लावल्यावर तो रुंदीच्या बाजूने आणखी सुमारे ४० मिमी बाहेर येतो. त्यामागची वायरिंगची जुडी २० मिमी जाड असेल, तर ती तिच्या जाडीच्या निदान चौपट त्रिज्येत, म्हणजे ८० मिमीच्या वळणात, वळली पाहिजे, कारण त्याहून आवळून वळवल्यास कपलरच्या कडेच्या पिनांवर कायमचा ताण राहतो. म्हणजे १०० मिमीची वाटणारी पेटी प्रत्यक्षात २२० मिमी जागा मागते. याखेरीज कपलरचा लॉक दाबायला दोन बोटे आणि तो सरळ ओढायला दोन इंच मोकळी जागा हवी. ही सगळी मापे धरून पुठ्ठ्याची नकली पेटी करावी आणि कपलर व वळणासह तिला योग्य आकार द्यावा. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानाबाहेर पुठ्ठ्याची खोकी पडलेली असतात, त्यामुळे याचा खर्च शून्य आहे. ही पुठ्ठ्याची पेटी घेऊन तासभर डॅशबोर्डखाली उताणे पडून राहणे हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी भाग आहे.

जागा निवडताना चार ठिकाणे समोर येतात. ग्लोव्ह बॉक्सच्या मागची जागा बहुधा उत्तम ठरते, कारण ग्लोव्ह बॉक्स दोन स्क्रूंवर उतरतो आणि लॅपटॉपची केबल तिथूनच बाहेर काढता येते. मात्र आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ब्लोअर आणि एसीचा कूलिंग कॉइल त्याच बाजूला असतो. कॉइलच्या खोक्याला घाम सुटतो, म्हणून त्याच्या खाली किंवा त्याला चिकटून पेटी कधीही ठेवू नये. ब्लोअरच्या मोटरमुळे विजेचा गोंगाटही होतो, तेव्हा सेन्सरच्या वायरी तिच्यापासून वळवून न्याव्यात. दुसरी जागा म्हणजे पुढे बसणाऱ्याच्या पायाजवळचा, दाराच्या बाजूचा कोपरा. ती मोकळी असते आणि म्हणूनच मोहात पाडते. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी ज्यांच्या पार्किंगमध्ये शिरले, त्यांना हे सांगायला नको की गाडीत सर्वांत आधी भिजतो तो याच उंचीचा भाग. सीटखालची जागा याच कारणाने बाद. मीटरच्या मागे जागा असते, परंतु तिथे स्टिअरिंग कॉलम, स्पीडोमीटरची केबल आणि हीटरचे गरम पाण्याचे पाइप यांतून वाट काढावी लागते. कोल्हापुरात हीटर कोणी लावत नाही हे खरे, पण त्याचा व्हॉल्व्ह जुना झाला की गरम पाणी आतून फिरतच राहते आणि आसपासचा पत्रा तापतो. गाडीला एअरबॅग असल्यास तिच्या फुगण्याच्या वाटेत कोणताही ब्रॅकेट येता कामा नये, आणि तिच्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरी सोडवून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे.

पेटी कोणत्या दिशेने ठेवायची, हा निर्णय जागेइतकाच महत्त्वाचा आहे. कपलरचे तोंड खाली किंवा आडवे असावे, वर कधीही नसावे. वायरिंग कपलरमध्ये शिरण्यापूर्वी कपलरच्या पातळीखाली उतरून मग वर चढले पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब तळाच्या वळणावर गळून पडतो. आता ईसीयूच्या आतच मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर, असेल, तर इंजिनाच्या मॅनिफोल्डपासून पेटीपर्यंत एक बारीक रबरी नळी येते. ती शक्य तितकी आखूड असावी, मॅनिफोल्डकडून पेटीकडे सतत चढती असावी आणि मध्ये कुठेही झोळीसारखी लोंबू नये, कारण त्या झोळीत पेट्रोलची वाफ थिजून साचते आणि दाबाचे वाचन उशिरा व चुकीचे येऊ लागते. तोंड खाली हवे आणि नळी चढती हवी, या दोन अटी एकत्र पाळल्या की निवडीला फारशी जागा उरत नाही. अशा वेळी मॅप सेन्सर इंजिनाच्या बाजूलाच वेगळा बसवून पेटीकडे फक्त तीन वायरी आणाव्यात, हा माझ्या मते अधिक सुटसुटीत मार्ग आहे.

ब्रॅकेटसाठी २ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा पुरतो. शिवाजी उद्यमनगरात पत्रा वाकवून देणारी अनेक छोटी वर्कशॉप आहेत. पुठ्ठ्याचा साचा नेऊन दिला तर काम चटकन होते, मात्र वाकवण्याच्या रेषा आणि दिशा साच्यावर पेनाने लिहून द्याव्यात, नाही तर ब्रॅकेट उलट्या हाताचा होऊन येतो. नव्या भोकांऐवजी डॅशबोर्डच्या मागच्या आडव्या पाइपवरचे किंवा ग्लोव्ह बॉक्सचे मूळ बोल्ट वापरणे चांगले. ब्रॅकेट आणि पेटी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना आटे असलेले लहान रबरी माउंट घालावेत आणि नायलॉक नट वापरावेत. पेटी सगळ्या बाजूंनी फोममध्ये गुंडाळून ठेवण्याची पद्धत मला पसंत नाही. त्यामुळे कंप कमी होतो, पण आतली उष्णता बाहेर पडत नाही. ब्रॅकेटसाठी किंवा रोल केजसाठी (गाडी उलटल्यास जपणाऱ्या पाइपच्या पिंजऱ्यासाठी) गाडीवर वेल्डिंग करायचे असेल, तर ईसीयूचा कपलर आधी काढून ठेवावा. मिस्त्रीने “काही होत नाही” असे कितीही सांगितले तरी काढावा.

वायरिंग इंजिनाकडून आत आणताना फायरवॉलच्या (इंजिन आणि डॅशबोर्ड यांमधल्या पत्र्याच्या) मूळ भोकातून, रबरी ग्रोमेटमधूनच (भोकात बसणाऱ्या कड्यातूनच) आणावे. ग्रोमेटशिवाय पत्र्यावर टेकलेली वायर सहा महिन्यांत कापली जाते. सेन्सरच्या वायरी ०.५ चौरस मिमी, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आणि ठिणगीची इग्निशन कॉइल यांच्या १ ते १.५ चौरस मिमी आणि पेट्रोल पंपाची २.५ चौरस मिमी, हे प्रमाण मी वापरतो. इंजिन किती वेगाने फिरते ते सांगणाऱ्या क्रँक सेन्सरला जाळी असलेली केबल घ्यावी आणि त्या जाळीचे अर्थिंग फक्त ईसीयूच्या टोकाला करावे. दोन्ही टोकांना केले, तर जाळीतूनच प्रवाह वाहू लागतो आणि संरक्षणाऐवजी त्रास होतो. ही केबल इग्निशन कॉइलच्या वायरींबरोबर एका जुडीत बांधू नये. जोड क्रिम्प करावेत, म्हणजे धातूच्या टोकात वायर दाबून बसवावी. डाख दिलेली वायर डाखेच्या कडेशी ताठ होते आणि गगनबावड्याच्या रस्त्यासारख्या हादऱ्यांत नेमकी तिथेच तुटते. कपलरपासून निदान १५० मिमी वायर जास्तीची ठेवावी आणि ती सैल वळणात बांधावी. त्यामुळे पेटी कपलरसकट मांडीवर ओढून घेता येते, आणि पुढे जे काही बिघडेल ते शोधणे सोपे जाते.

अर्थिंगच्या बाबतीत गॅरेजमध्ये सर्वांत जास्त निष्काळजीपणा होतो. इंजेक्टर आणि कॉइल यांचे मोठे अर्थिंग थेट इंजिनावर, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या एकाच जागी न्यावे. सेन्सरचे अर्थिंग मात्र गाडीच्या पत्र्यावर कुठेही न जोडता ईसीयूच्या सेन्सर अर्थिंगच्या पिनवरच परत आणावे. डॅशबोर्डमागे सापडेल त्या स्क्रूखाली अर्थिंगच्या वायरचा लग (टोकाची कडी) दाबणे टाळावे, कारण तो पत्रा आणि इंजिन यांच्या व्होल्टेजमध्ये थोडा का होईना फरक असतो आणि तो फरक ईसीयू तापमानाचा किंवा थ्रॉटलचा बदल म्हणून वाचतो.

वीजपुरवठा वेगळ्या रिलेतून (छोट्या प्रवाहाने चालणाऱ्या स्विचमधून) घ्यावा. बॅटरीची वायर फ्यूजमधून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनवर, ईसीयूकडे जाणारी ८७ वर आणि रिलेची कॉइल ८५ व ८६ वर. कॉइल चालू करणारी वायर इग्निशन स्विचमधून घेताना एक परीक्षा आवश्यक आहे. किल्ली ऑनवर असताना १२ व्होल्ट दाखवणाऱ्या काही वायरी स्टार्टर फिरत असताना मृत होतात. अशी वायर निवडली तर स्टार्टर फिरतो, इंजिन मात्र सुरू होत नाही आणि माणूस दोन दिवस मॅपमध्ये चूक शोधत बसतो. म्हणून मल्टिमीटर लावून, कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगून, क्रँकिंगच्या वेळीही व्होल्टेज टिकते अशीच वायर घ्यावी.

इंजेक्टर जोडण्यापूर्वी त्यांचा रोध मोजावा. १२ ते १६ ओहमचे इंजेक्टर बहुतेक ईसीयू थेट चालवतात. २ ते ३ ओहमचे असतील तर रेझिस्टर लागतात, नाही तर आतला ड्रायव्हर जळण्याचा धोका असतो. मग इंजेक्टरचे फ्यूज काढून ठेवून फक्त किल्ली ऑन करावी आणि लॅपटॉपवर सेन्सर पाहावेत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पाण्याचे आणि हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. थ्रॉटल सेन्सर साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत सलग चढला पाहिजे. बंद इंजिनावर मॅप सेन्सरने वातावरणाचा दाब दाखवावा, आणि इथे बरेच जण उगाच घाबरतात. मॅन्युअलमध्ये १०१ किलोपास्कल लिहिलेले असते, आपल्या पडद्यावर ९४ ते ९५ दिसतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हेच वाचन बरोबर आहे. पन्हाळ्यावर गेल्यास ते आणखी खाली येईल. सेन्सर १०१ दाखवू लागेपर्यंत कॅलिब्रेशन ओढू नये.

त्यानंतर स्टार्टर फिरवून आरपीएम स्थिर येतो का ते पाहावे. आला तरच इंजेक्टरचे फ्यूज लावावेत. इंजिन सुरू झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये ठिणगीचे टायमिंग १० अंशांवर अडकवून टायमिंग लाइटने पुलीवरची खूण तपासावी आणि फरक असल्यास ट्रिगरचा कोन (क्रँक सेन्सरच्या खुणेचा कोन) दुरुस्त करावा. हीच तपासणी ३००० आरपीएमला पुन्हा करावी. वेगाबरोबर खूण सरकत असेल आणि क्रँक सेन्सर दोन वायरींचा चुंबकीय प्रकारचा असेल, तर त्याच्या वायरी उलट लागल्या असण्याची शक्यता मोठी असते. इंजिन चालू, दिवे आणि पंखा चालू अशा स्थितीत बॅटरीच्या ऋण टोकापासून ईसीयूच्या अर्थिंगच्या पिनपर्यंत मल्टिमीटर लावावा. ५० मिलिव्होल्टच्या आत वाचन आले तर उत्तम. १०० च्या वर गेले तर अर्थिंगचा जोड उघडून पुन्हा करावा.

ग्लोव्ह बॉक्स परत लावण्याआधी काचेखालच्या जाळीवर दोन बादल्या पाणी ओतावे आणि कोणाला तरी आत टॉर्च घेऊन बसवावे. त्या जाळीखालची पाणी जाण्याची भोके झाडांच्या पानांनी तुंबलेली असतील, तर पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येते, आणि ते जूनमध्ये कळण्यापेक्षा आत्ता कळलेले परवडते. मग ज्योतिबाच्या घाटात एक फेरी मारून यावी, ब्रॅकेटचे नट पुन्हा आवळावेत, जुडी कुठे पत्र्याला घासते आहे का ते बोटाने चाचपावे, आणि कोणता फ्यूज कशाचा, किती अॅम्पिअरचा, कोणत्या पिनेला कोणत्या रंगाची वायर आहे याचा तक्ता लिहून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पारदर्शक टेपने चिकटवावा.