फिल्मची सवय असलेल्यांनी डिजिटलचा मॅन्युअल मोड कसा शिकावा

फिल्म कॅमेऱ्यावर हात बसलेला असेल, तर निम्मं काम झालंच आहे. अ‍ॅपर्चर, शटर आणि मीटर यांचं नातं बदललेलं नाही. अडतं दोन ठिकाणी: आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) आता रोलबरोबर ठरत नाही, आणि एक्स्पोजरची चूक आता उलट्या बाजूने महागात पडते.

१. डायल 'एम'वर आणा आणि मेन्यूत जाऊन ऑटो आयएसओ बंद करा. ही पायरी हमखास राहून जाते. ऑटो आयएसओ चालू असेल तर तुम्ही शटर बदललं की कॅमेरा गुपचूप आयएसओ बदलून ते भरून काढतो. फोटोचा उजेड तसाच राहतो आणि काही शिकणं होत नाही.

२. आयएसओ २००, फाइल रॉ (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद) आणि व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशावर ठेवा. म्हणजे २०० ची डेलाइट फिल्म घातल्यासारखंच झालं. पहिला आठवडा बाहेर, दिवसाउजेडी आणि याच आयएसओवर काढा.

३. लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग नसेल तर गोंधळू नका. निकॉन डी३५०० किंवा कॅनन १५००डी यांना एकच चाक असतं. नुसतं फिरवलं की शटर बदलतं, अधिक-उणे चिन्हाचं बटण दाबून फिरवलं की अ‍ॅपर्चर. एक टिचकी म्हणजे साधारणपणे एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे तीन टिचक्यांचा एक स्टॉप.

४. मीटर न बघता सुरुवात करा. लख्ख उन्हात आयएसओ २०० ला एफ/१६ आणि १/२००, हा जुना हिशोब इथेही चालतो. मात्र या कॅमेऱ्यांच्या छोट्या (३५ मिमी फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर एफ/१६ ला चित्र किंचित मऊ पडतं, म्हणून एफ/८ आणि १/८०० घ्या.

आता खरी अडचण. निगेटिव्हवर एखादा स्टॉप जास्त दिला तरी प्रिंट छान येते, म्हणून अनेकजण २०० च्या फिल्मला मीटर १०० वर लावत. ती सवय इथे सोडावीच लागते. सेन्सरचा पिक्सेल एकदा भरला की त्यापुढचा तपशील नोंदलाच जात नाही, आणि रॉमधूनही फारसं परत मिळत नाही. सावल्या मात्र रॉमधून दीड-दोन स्टॉप उचलता येतात, थोडे दाणे दिसतात इतकंच. ट्रान्सपरन्सी (स्लाइड फिल्म) वापरलेल्यांना ही शिस्त ठाऊक आहे.

उन्हातल्या वारकऱ्याची पांढरी टोपी घ्या. स्पॉट मीटरिंग (छोट्याशा भागाचाच उजेड मोजणारं; १५००डीवर ते नाही, तिथे पार्शल) लावून टोपीवर मोजलं, तर एफ/८ ला मीटर १/३२०० च्या आसपास शून्यावर येईल. तसाच फोटो काढला तर टोपी करडी येते, कारण मीटरला सगळं जग मध्यम करडंच वाटतं. शटर सहा टिचक्या हळू करा, म्हणजे १/८००. टोपी पांढरी येईल आणि कापडाचा पोतही राहील. काढल्यावर जळलेले भाग लुकलुकवून दाखवणारा डिस्प्ले बघा. टोपी लुकलुकत असेल तर शटर एक-दोन टिचक्या वेगवान करा. स्क्रीनच्या उजेडावरून अंदाज बांधू नका, अंधारात ती फसवते. हिस्टोग्राम (फोटोतला काळोख-उजेड किती ते दाखवणारा आलेख) फसवत नाही.

५. घरात आलात की आयएसओला हात लावा. क्रम असा: आधी अ‍ॅपर्चर, मग हात न हलता चालेल इतकं शटर, उरलेली कसर आयएसओने भरा. ट्यूबलाइटच्या खोलीत किट लेन्सला (कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स) एफ/५.६, १/५० आणि आयएसओ ३२०० लागू शकतो. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे फोटोत पट्टे दिसू लागले तर १/५० किंवा १/१०० वर या.

छोट्या सेन्सरवर ५० मिमीची लेन्स निकॉनला ७५, कॅननला ८० मिमीसारखी दिसते. पूर्वी १/६० ला हातात चालायचं, आता किमान १/८० धरा. घरातला १/५० म्हणूनच १८-३० मिमीच्या आसपास वापरा. जुनी मॅन्युअल निकॉन लेन्स डी३५०० ला लावली तर मीटर चालणारच नाही. तिथे पायरी ४ चा हिशोब आणि हिस्टोग्राम एवढ्यावर भागवायचं.