खुल्या पाण्यात छाती दडपली तर

टँकमध्ये दीड किलोमीटर आरामात पोहणारा माणूसही ट्रायथलॉनला (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) धरणाच्या पाण्यात सुरुवातीलाच गडबडतो. तळ दिसत नाही, धरायला काठ नाही, आणि गार पाणी अंगाला लागलं की श्वास आपोआप तुटक होतो. हा शरीराला बसलेला झटका असतो. साधारण दोन-तीन मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ वेग धरूच नका.

आयोजक परवानगी देत असतील तर शिट्टीआधी पाण्यात उतरा, तोंडा-मानेवर पाणी मारा आणि तोंड बुडवून सावकाश बुडबुडे सोडा. घाबरलेला माणूस हवा घेतच राहतो, सोडत नाही. म्हणून सगळं लक्ष श्वास सोडण्यावर. गर्दीच्या मागे, कडेला थांबा. लाथा कमी बसतात.

तरीही घाबरं झालं तर उताणे व्हा. नियमाने पोहण्याची कोणतीही पद्धत चालते. बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) किंवा बचावाची होडी धरून थांबलं तरी सहसा बाद करत नाहीत, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. माझ्या मते एवढं ठाऊक असलं तरी निम्मी भीती जाते. हात वर करून मदत मागायला अजिबात लाजू नका.

सराव एकट्याने कधीच नको. कमरेला भडक रंगाचा फुगा बांधा. आणि सांगलीकरांनो, कृष्णेत मगरी आहेत, पावसाळ्यात ओढही जबर असते. घाटावरच्या रोजच्या पोहणाऱ्यांना विचारल्याशिवाय उतरू नका.