छोट्या रणाची तयारी

आधी गाड्यांचं ठरवू. तुझी आणि माझी, दोन्ही न्यायच्या. डिझेल वाचेल म्हणून एकीतच जाऊ असं तू म्हणालास, पण कच्छच्या छोट्या रणात मला ते पटत नाही. वरून वाळलेली, भेगाळलेली जमीन चार बोटं खाली ओली असते, आणि मिठामुळे तो ओलावा लवकर सुकत नाही. वरचा पापुद्रा फुटला की चाकं जागीच फिरतात आणि गाडी पोटावर बसते. आसपास झाड नाही, खडक नाही, दोरी बांधायची तर दुसऱ्या गाडीलाच. म्हणून मागच्या गाडीनं शंभरेक मीटर अंतर ठेवायचं, नाहीतर दोन्ही एकाच चिखलात रुततील.

टोचनचा जाड पट्टा तुझ्याकडे आहे, तो घे. फावडं, दोन फळ्या आणि जॅकखाली ठेवायला प्लायवूडचा तुकडा मी घेतो. तो नसला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. भुसभुशीत जागी टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवू, म्हणजे टायर पसरून भार वाटला जाईल. त्याच हवेवर डांबरी रस्त्यानं पळायचं नाही, म्हणून १२ व्होल्टचा पंप आणि प्रेशर मीटर हवंच. स्टेपनी आजच तपास. डिझेलच्या टाक्या विरमगामला भरून घेऊ.

रणाचा बराचसा भाग घुडखर, म्हणजे रानगाढवांच्या, अभयारण्यात येतो, सुमारे ४,९५० चौरस किलोमीटर. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, बजाण्याला काढू. ओळखपत्रं आणि गाड्यांचे कागद एका पाकिटात ठेव. अभयारण्यात मुक्काम करायचा नाही, तेव्हा तंबू बाहेर दसाड्याच्या बाजूला, शेतमालकाला विचारून. गावातला माहितगार माणूस सोबत घ्यायचाच आणि तो सांगेल त्या चाकोरीतूनच चालायचं. सूर्य मावळायच्या आत बाहेर. घुडखर दिसला की इंजिन बंद करून बघत बसू. फोटोसाठी त्याच्यामागे गाडी पळवणं मला अजिबात मान्य नाही. मीठ पिकवणाऱ्या अगरिया लोकांच्या आगरांवर तर चाक चुकूनही जाता कामा नये. पायानं तुडवून तुडवून तो तळ घट्ट केलेला असतो, एका फेरीत त्यांची मेहनत वाया जाते.

पाणी माणशी रोज पाच लिटर, शिवाय प्रत्येक गाडीत २० लिटरचा एक कॅन, तो अडचणीशिवाय उघडायचा नाही. रणातल्या जमिनीखाली आहे ते खारं पाणी. अगरियांचं पिण्याचं पाणीसुद्धा टँकरनं येतं, त्यांच्याकडे मागायचं नाही.

जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जाऊ शकतो, दुपारी मात्र ऊन भाजतं. कानटोपी, गॉगल, स्लीपिंग बॅगखाली जाड चटई. वारा अडवायला स्टोव्हभोवती पत्रा. खाण्याचं फार नको: काकूंच्या दशम्या, लसणाची चटणी, आपला लीलो चेवडो आणि खिचडीचा शिधा.

आत मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. नकाशा घरूनच उतरवून ठेव, आत शिरण्याची जागा आणि परतायची वेळ वहिनींना लिहून दे. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर त्यांनी त्या माहितगाराच्या घरी लावायचा. त्याचा नंबर मिळाला की लगेच पाठवतो. आणि वडोदऱ्याला आलो की घरी जायच्या आधी सर्व्हिस स्टेशन: चॅसिस, ब्रेक, चाकांच्या आतल्या बाजू जोरदार पाण्यानं धुवायच्या. रणाचा चिखल नुसता वाळवून ठेवला तर पत्रा खातो.