सुट्टीच्या दिवशी मुलांसकट घरकाम कसं उरकायचं

घरात लहान मुलं असतील तर सुट्टीच्या दिवसाचं वेळापत्रक घड्याळाच्या काट्यावर बसवू नका. ते मुलांच्या भूक-झोपेवर आणि कपड्यांच्या वाळण्यावर बसवा. बाकीची कामं पुढेमागे सरकवता येतात, या दोन गोष्टी कुणाच्या सोयीसाठी थांबत नाहीत.

आदल्या रात्री

कपडे रात्रीच वेगळे करा: पांढरे आणि फिके, गडद, आणि टॉवेल-चादरी. प्रत्येक खिसा उलटा करून पाहा. एक टिश्यू पेपर आत राहिला तरी सगळ्या गडद कपड्यांवर पांढरी कपटी चिकटतात आणि ती काढत बसण्यात सकाळ जाते. पँटची चेन लावून घ्या, नाहीतर तिचे दात बाकीच्या कपड्यांचे धागे ओढतात. गुडघे फुटलेल्या पँटवर रक्ताचा डाग असेल तर तो साध्या गार पाण्यातच भिजवा. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

मग कामांची यादी करा आणि त्यातल्या फक्त तीन कामांवर खूण करा. ती झालीच पाहिजेत, बाकीची झाली तर झाली. मुलं घरात असताना अर्ध्या तासाच्या कामाला तास धरावा लागतो. दहा कामांची यादी दुपारपर्यंत सगळ्यांची चिडचिड करण्यापलीकडे काही करत नाही.

आधी मशीन, मग बाकी सगळं

उठल्या उठल्या पहिली खेप लावा. तिच्यात शाळेचे कपडे किंवा सगळ्यात जाड कपडे जातील. शाळेचे कपडे दुसऱ्या दिवशी हवेच असतात आणि जाड कपड्यांना वाळायला वेळ लागतो. पातळ कपडे दुपारी धुतले तरी चालतात.

ड्रम ठासून भरू नका. कपडे टाकल्यावर वरच्या बाजूला हात सहज आत जाईल एवढी जागा राहायला हवी. ठासलेले कपडे उलटेपालटे होत नाहीत, मधे साबण अडकतो आणि वाळल्यावर कपडा कडक लागतो. जास्त मळलंय म्हणून दुप्पट पावडर टाकण्यानेही हेच होतं. मळलेल्या जागी थोडा साबण लावून हाताने चोळणं जास्त उपयोगी.

मशीन संपायच्या वेळेचा गजर फोनवर लावा. ओले कपडे बंद ड्रममध्ये काही तास पडले की कुबट वास धरतात आणि तो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. बाहेर जायचं असेल तर निघताना मशीन लावण्यापेक्षा आल्यावर लावलेलं बरं.

वाळत घालताना प्रत्येक कपडा एकदा जोरात झटका आणि कॉलर, बाह्या, शिलाई हाताने सारखी करा. इथे घातलेले दोन मिनिटं इस्त्रीची दहा मिनिटं वाचवतात. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून कमरेकडून टांगा, कारण कमरेची पट्टी आणि खिसे शेवटपर्यंत ओले राहतात. दोन कपड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा.

कपडे काढताना दोरीपाशीच माणसागणिक वेगळे ढीग करा. सगळे एकत्र पलंगावर टाकले की ते रात्रीपर्यंत तिथेच राहतात, त्यावर मुलं उड्या मारतात आणि झोपायच्या वेळी कुणीतरी ते खुर्चीवर ढकलतं.

साफसफाई

न्याहारीनंतरचे दीड-दोन तास सगळ्यात कामाचे. मुलांचं पोट भरलेलं असतं, मोठेही थकलेले नसतात. आधी संडासात क्लीनर टाकून ठेवा. त्याला दहा-पंधरा मिनिटं मुरू दिलं की घासायचे कष्ट निम्मे होतात. तोवर धूळ पुसा, नेहमी वरून खाली: पंखे, कपाटांचे माथे, टेबलं, मग केर आणि शेवटी लादी. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून मागे ओढला की धूळ खाली न पडता आतच राहते.

इथे दोन धोके आहेत. ब्लीच आणि आम्ल असलेला टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र वापरू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आणि रांगणारं किंवा नुकतं चालू लागलेलं मूल घरात असेल तर पाण्याची बादली क्षणभरही भरलेली सोडू नका. डोकं खाली गेलं की इतकं लहान मूल स्वतःला बाहेर काढू शकत नाही, पाणी वीतभर असलं तरी.

मुलांना काम देताना

"खोली आवर" हे सहा वर्षांच्या मुलाला समजतच नाही. कुठून सुरुवात करायची आणि कधी झालं म्हणायचं, हे त्याला ठरवता येत नाही. "जमिनीवरची सगळी पुस्तकं खालच्या फळीवर ठेव" हे समजतं. एका वेळी एकच काम सांगा, ते झालं की दुसरं. लहानांसाठी दहा-पंधरा मिनिटं पुरे.

तीन-चार वर्षांचं मूल मोज्यांच्या जोड्या लावू शकतं, पण अख्खा ढीग पुढ्यात टाकला तर पाचव्या मिनिटाला मोजे हवेत उडतात. चार-पाच जोड्याच चटईवर पसरा. एक जोडी स्वतः करून दाखवा: टाचेवर टाच, बोटांवर बोटं, मग वरची कड दुमडायची. जोडी जमली की ती टोपलीत टाकणं हा त्याच्यासाठी कामाचा सगळ्यात गोड भाग असतो, म्हणून टोपली जवळ हवी.

पाच ते सात वर्षांची मुलं रुमालांच्या घड्या, झाडांना पाणी, ताटं-पेले मांडणं हे नीट करतात. आठ-दहाच्या मुलांना केर काढणं आणि भाज्या धुणं जमतं. त्यापुढच्यांना शेजारी उभं राहून एकदा नीट शिकवलं की मशीनही लावता येतं.

वाकडी घडी मुलासमोर पुन्हा घालू नका. पुढच्या आठवड्यात ते मूल त्या कामाला हात लावणार नाही. दोन भावंडांना एकच काम दिलं तर भांडण ठरलेलं, तेव्हा जागा वाटून द्या: एकाला शेल्फ, दुसऱ्याला टेबल. "ताई बघ कसं करते" हे वाक्य टाळा.

दुपार आणि बाजार

जेवणाआधीची रडारड बहुधा भुकेची असते. न्याहारी आणि जेवण यांत तीन तासांहून जास्त अंतर पडणार असेल तर मधे फळासारखं काहीतरी द्या. दोन्ही वेळच्या भाज्या एकदाच चिरून घ्या. शिजवून उरलेलं दोन तासांच्या आत, उथळ डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, कारण खोल पातेल्यात ते मधून लवकर गार होत नाही.

जेवणानंतर तासभर शांतता. न झोपणाऱ्या मुलांनीही पुस्तक किंवा चित्रं घेऊन एका जागी बसावं. इस्त्री याच वेळात करा, झाली की वायर टेबलावरून लोंबती ठेवू नका.

बाजाराला एकाच मोठ्या माणसाने, पोट भरलेल्या एकाच मुलाला घेऊन जावं. यादी मुलाच्या हातात द्या.

संध्याकाळ

गृहपाठ रात्रीवर ढकलू नका, तो सकाळी न्याहारीनंतर लगेच बसवा. संध्याकाळी वीस मिनिटांत दप्तर, पाण्याची बाटली, बूट आणि कपडे एका जागी आणून ठेवा. याच वेळी शाळेचे कपडे कमरेला आणि काखेत चाचपून पाहा. दमट असतील तर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून जोर देऊन दाबा, टॉवेल बरंच पाणी ओढून घेतो. मग हँगरवर लावून पंख्याखाली टांगा आणि रात्रभर पंखा चालू ठेवा.