'ऑटो'वर टाकण्याआधी कुंपण घाला

एका गोदामातले बारकोड स्कॅनर वाय-फायवरून सारखे तुटायचे. छत दहा-एक मीटर उंच, वाय-फाय पुरवणारे एपी (ॲक्सेस पॉइंट) तिथे वर, आणि माणसं खाली रॅकच्या गल्ल्यांमधून स्कॅनर घेऊन फिरणारी. सगळे एपी सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर मात्र सगळं हिरवंगार. चॅनेल ऑटो, पॉवर ऑटो. पॉवरचा रकाना उघडला तेव्हा उलगडा झाला: जवळपास सगळे एपी सर्वात खालच्या पायरीवर जाऊन बसले होते.

चॅनेल आणि पॉवर आपोआप ठरवणाऱ्या या 'ऑटो' यंत्रणेला कुणी आरआरएम म्हणतं, कुणी एआरएम. नाव काहीही असो, पॉवर ठरवताना ही यंत्रणा मुख्यतः एपींना एकमेकांचा कानोसा घ्यायला लावते. सिस्को कंपनीचे एपी शेजाऱ्यांसाठीचे खास संदेश पूर्ण पॉवरवर पाठवतात. ते बाकीच्यांना किती जोरात ऐकू आले, यावर पुढचा हिशोब चालतो. छताखाली एपींच्या मधे आडवं काहीच नव्हतं. त्यांना एकमेकांचं खणखणीत ऐकू येत होतं, म्हणून सगळ्यांनी आवाज खाली आणला. खालचा रॅकमधला माल त्यांच्या गणितात नव्हताच. कॉरिडॉरमध्ये ओळीने एपी लावले की खोल्यांचं हेच होतं.

म्हणून मी सर्वात आधी पॉवरची किमान आणि कमाल मर्यादा घालतो. किमान कशी ठरवायची? सर्वात वाईट जागी, सर्वात दुबळं उपकरण हातात घेऊन उभं राहायचं. एपीची पॉवर हाताने वाढवत न्यायची आणि तिथे उणे ६७ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) मिळाले की थांबायचं. त्या वेळची एपीची पॉवर हा तुमचा किमान. लॅपटॉपवर मोजून स्कॅनरबद्दल निष्कर्ष काढू नका, मी एकदा काढला होता आणि दोन फेऱ्या फुकट गेल्या.

कमाल मर्यादेचं कारण वेगळं. बरेच फोन १२ ते १५ डीबीएमच्या आसपासच बोलतात. एपी २३ वर ओरडला तर फोनला सिग्नलच्या काड्या भरपूर दिसतात, पण फोनचं उत्तर एपीपर्यंत पोचत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर माझी नेहमीची सुरुवात किमान ११, कमाल १७ डीबीएम, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्याहून ६ डीबीने खाली. ३ डीबीला पॉवर दुप्पट होते, म्हणजे ६ डीबीच्या फरकातही यंत्रणेला चौपट हालचाल करता येते. त्याहून मोकळं रान लागत नाही. एक खोड लक्षात ठेवा: सिस्कोच्या पॉवरच्या पायऱ्यांमध्ये १ म्हणजे सर्वात जास्त पॉवर. मर्यादा मात्र डीबीएममध्ये भरायची असते. घाईत दोन्हींची गल्लत होते.

चॅनेलचं त्यामानाने सोपं. २.४ वर १, ६, ११ हे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तेवढेच ठेवा. एकाच हॉलमध्ये सहा एपी असतील तर काहींचे २.४ रेडिओ सरळ बंद करा. चौथा मोकळा चॅनेल कुठलाही अल्गोरिदम निर्माण करत नाही. ५ वर एपींची दाटी असेल तर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, विरळ असेल तर ४०. ८० घेतलात की एकटा एपी चार चॅनेल अडवून बसतो.

रडारशी वाटून घ्यावे लागणारे डीएफएस चॅनेल घाबरून सगळे काढून टाकणारे खूप भेटतात. ते काढले की ५ गिगाहर्ट्झची श्रीमंतीच संपते. आधी लॉग पाहा. ज्या चॅनेलवर रडार खरंच दिसतंय तेवढेच वगळा, कारण रडार ऐकू आलं की एपीला तो चॅनेल लगेच सोडावा लागतो आणि पुढची ३० मिनिटं तिकडे फिरकता येत नाही.

आता वेळ. सिस्कोत चॅनेलची फेरतपासणी मुळात दर १० मिनिटांनी होते. चॅनेल बदलताना एपी आधी सूचना देतो, पण प्रत्येक उपकरण ती मानतंच असं नाही. जे मानत नाही ते तुटतं. भर कामाच्या वेळी 'आत्ताच ऑप्टिमाइझ करा' हे बटण दाबून चालू कॉल पाडण्याचा पराक्रम मी स्वतः केलेला आहे. नवीन एपी लावल्यावर सुरुवातीची आक्रमक फेरी होऊ द्या, सिस्कोत ती १०० मिनिटं चालते. नंतर दिवसातून एकदा, जागा रिकामी असेल तेव्हाची वेळ ठरवून द्या. अरुबा कंपनीची अशीच यंत्रणा, एअरमॅच, मुळातच पहाटे ५ वाजता बदल लागू करते.

बाहेरची अँटेना असेल तर तिचा गेन (ती सिग्नल एका दिशेला किती वाढवते तो आकडा) अचूक भरा, नाहीतर वरचं सगळं गणित चुकीच्या पायावर उभं राहतं.

आठवड्याने पॉवर आणि चॅनेलचा इतिहास काढून बघा आणि कळपाबाहेर वागणारा एपी शोधा. गोदामात मर्यादा घातल्यावर बाकी सगळे किमान पातळीला टेकले, एक मात्र कायम कमालवर. शेजाऱ्यांना त्याचा आवाज अगदी क्षीण येत होता. शिडी लावून वर गेलो, तर अँटेनाचा कनेक्टर अर्धाच आवळलेला.