मोटरहोमच्या बाहेरच्या दिव्यांतून पाणी झिरपतंय?

आत जिथे डाग दिसतो, तिथेच गळती असेल असं नाही. छताजवळच्या छोट्या दिव्यामागून शिरलेलं पाणी भिंतीच्या आतून उतरत पार खाली कपाटात निघतं. म्हणून आधी डागाच्या वरचे दिवे तपासा.

पाइपने हळू पाणी सोडा, खालून वर, एकेका दिव्यावर काही मिनिटं. आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसायला हवं. प्रेशर वॉशर नको. तो धड असलेल्या सीलमधूनही पाणी आत ढकलतो.

संशय आला की वीज बंद करून दिवा उतरवा. गंजलेले स्क्रू, हिरवट पडलेली तांब्याची तार दिसली की चोर सापडला. आतलं लाकूड ओलं असेल तर पूर्ण वाळू द्या, घाई इथेच नडते. जुना सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, जागा अल्कोहोलने पुसा. दिव्यामागे ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा, तारेचं भोक आणि स्क्रूची भोकंही सीलंटने बुजवा. बाहेरून सीलंट फक्त वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना. खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे चुकून शिरलेलं पाणी बाहेर पडेल. साधं सिलिकॉन मात्र टाळा, त्यावर पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही.