स्वीडनची पोल्स्का ऑनलाइन कशी शिकावी: आधी पाय, मग गज

स्वीडिश लोकसंगीत शिकायचं ठरवलं की बहुतेक जण व्हायोलिन काढतात, नोटेशन शोधतात आणि तीन मात्रांची पोल्स्का वॉल्ट्झसारखी वाजवून मोकळे होतात. सूर सगळे बरोबर लागलेले असतात, पण त्या वाजवण्यावर कुणाला नाचता येत नाही. पोल्स्का हे नाचाचं संगीत आहे. सतराव्या शतकात पोलंडकडून आलेला हा प्रकार स्वीडनच्या गावागावांत वेगवेगळा रुजला, आणि गावचा वादक, म्हणजे स्पेलमान, वाजवायचा तो समोर फिरणाऱ्या जोड्यांच्या पायांकडे बघत. म्हणून वाद्य शिकायचं असलं तरी नाचाच्या वर्गालाही नाव घाला. दोन्हींसाठी वेळ नसेल, तर सुरुवातीला नाचाचा वर्ग निवडा.

कार्यशाळा निवडताना

लोकसंगीत आणि लोकनृत्य शिकवणारी एरिक साल्स्ट्रम इन्स्टिट्यूट (टोबो, उप्लांड), सर्व स्वीडनच्या वादकांची संघटना स्वेरियेस स्पेलमेन्स रीक्सफोरबुंड आणि लोकनृत्याची संघटना स्वेन्स्का फोल्कडान्सरिंगेन यांच्या कार्यक्रमपत्रिकांपासून शोध सुरू करा. प्रत्यक्ष शिबिरं आणि ऑनलाइन वर्ग वेगळे ओळखा. ‘न्यब्योर्यारे’ म्हणजे नवशिक्यांचा वर्ग. वाद्यांच्या वर्गात मात्र या शब्दाचा अर्थ ‘वाद्य हाताळता येतं, स्वीडिश शैली नवी आहे’ असाही असतो, तेव्हा पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

वेळेचा घोळ हमखास होतो. स्वीडन हिवाळ्यात भारताच्या साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं. हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. तिकडचा संध्याकाळी 7 चा वर्ग आपल्याकडे थंडीत रात्री 11:30 ला आणि उन्हाळ्यात 10:30 ला भरतो. नोकरी करणाऱ्यांनी शनिवार-रविवारचे तिकडच्या सकाळी 11 चे वर्ग घ्यावेत, ते इथे दुपारी साडेतीनला किंवा अडीचला येतात. कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींना तोच संध्याकाळचा वर्ग सकाळी 10 ला मिळतो. मात्र अमेरिकेतली घड्याळं मार्चमध्ये युरोपच्या आधी पुढे सरकतात, त्यामुळे त्या दोन-तीन आठवड्यांत तासाची चूक होते.

यंत्रांची जुळणी

झूमवर सगळ्यांनी एकत्र वाजवणं जमत नाही, आणि यात तुमच्या इंटरनेटचा दोष नसतो. मुंबई ते स्टॉकहोम हवाई अंतर सहा हजार किलोमीटरहून जास्त आहे. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदाला साधारण 200 किलोमीटर जातो, म्हणजे केबल सरळ रेषेत टाकली तरी एका बाजूचे 30 मिलिसेकंद केवळ प्रवासात जाणार. प्रत्यक्षात केबल वळसे घेते आणि झूम आवाज साठवून मग पाठवतं. उशीर एवढ्या मर्यादेपलीकडे गेला की दोन वादक एकमेकांची वाट बघू लागतात आणि लय घसरत जाते. म्हणून शिक्षक एकटे वाजवतात आणि बाकी सगळे माइक बंद ठेवून त्यांच्यासोबत वाजवतात. याची लाज वाटू देऊ नका. चुका कुणाला ऐकू जात नाहीत, हा उलट फायदाच आहे.

शिक्षकांनी तुम्हाला एकट्याला वाजवायला सांगितलं, तर झूममधलं ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ आधी चालू करा. ते बंद असेल तर गोंगाट काढणारी यंत्रणा लांब धरलेल्या सुराला पंख्याची घरघर समजते आणि कापून टाकते. हेडफोन वायरचे घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज मागे राहतो, त्यामुळे नाचाच्या वर्गात शिक्षकांचा पाय आधी पडलेला दिसतो आणि ठोका मागून ऐकू येतो. ज्या मात्रेसाठी वर्ग लावला तीच चुकीची शिकली जाते.

नाचताना फोन कमरेच्या उंचीवर ठेवा आणि अडीच-तीन मीटर मागे जा, म्हणजे पावलं चौकटीत येतील. शिक्षक समोर तोंड करून उभे असतील तर त्यांचा उजवा पाय तुमच्या डाव्या हाताला दिसतो. त्यांना तुमच्याकडे पाठ फिरवून दाखवायला सांगा, सगळा वर्ग आभार मानेल.

आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून घसरायला होतं आणि अनवाणी पाय गिरकीत अडतो, त्यात गुडघा पिळवटतो. कातडी तळाचे हलके बूट सगळ्यात बरे. रात्रीचा वर्ग असेल तर ठेका धरणाऱ्या पायाखाली सतरंजीची चौघडी घाला, नाहीतर खालच्या मजल्यावरून फोन येईल.

पहिला आठवडा: फक्त पाय

सुरुवात स्लेंगपोल्स्कापासून करा. हा प्रकार चालण्याच्या पावलांवर उभा आहे आणि जागच्या जागी नाचता येतो, म्हणजे दिवाणखान्यातली टीपॉय बाजूला सरकवली की भागतं.

1. खुर्चीत बसा, रेकॉर्डिंग लावा. लय साधारण मिनिटाला 100 ते 115 मात्रा असेल. तोंडाने एक-दोन-तीन म्हणा आणि पाय फक्त एक आणि तीनवर आपटा. दोनवर पाय हवेत. स्पेलमान असाच ठेका धरतात.

इथे जवळपास प्रत्येकाची एक चूक होते. तीन आणि पुढची एक लागोपाठ येतात, त्यामुळे कानाला ‘ठक-ठक, रिकामी, ठक-ठक, रिकामी’ असं ऐकू येतं, आणि नवखा माणूस जोडीतल्या पहिल्या ठोक्याला सम समजतो. प्रत्यक्षात ती तिसरी मात्रा असते. शंका आली तर धुनेचा शेवट ऐका. शेवटच्या आवर्तनात धून बहुतेक वेळा पहिल्या मात्रेवर आधारस्वरावर येऊन टेकते. तिथून उलट मोजा.

2. आता प्रत्येक मात्रेत तकधिमि म्हणा, म्हणजे एका आवर्तनात बारा अक्षरं. स्लेंगपोल्स्का या चार-चारच्या भरणीवर चालते. दुसऱ्या एका गटातल्या पोल्स्कांत मात्रेचे तीन भाग पडतात, तिथे तकिट म्हणा. कुठली पोल्स्का कुठल्या गटातली, हे तुम्हाला अक्षरं बसतात की नाही यावरून दोन मिनिटांत कळतं. तबला किंवा मृदंग शिकलेल्यांना इथे आघाडी मिळते. मात्र दादऱ्यासारखा झोल आणू नका, समेचं वजन या संगीतात फार हलकं असतं.

3. उभे राहा. गुडघे सैल ठेवा आणि प्रत्येक पावलासोबत शरीर किंचित खाली जाऊन वर येऊ द्या. या खालीवर होण्याला स्विक्त म्हणतात, आणि पोल्स्काचा प्रत्येक प्रकार त्यावरूनच ओळखला जातो. टाच उचलून उडी मारणं म्हणजे स्विक्त नव्हे. काम गुडघ्याचं आणि घोट्याचं आहे, डोकं फारतर दोन बोटं खालीवर होईल.

4. चाला. एका आवर्तनात तीन पावलं: उजवा-डावा-उजवा, पुढच्या आवर्तनात डावा-उजवा-डावा. सुरुवातीचा पाय दर वेळी बदलतो, तो बदलू द्या. ‘एक म्हणजे उजवा’ असं डोक्यात बसवलंत तर चौथ्या पावलाला अडखळाल.

5. जागच्या जागी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरा. आधी चार आवर्तनांत, म्हणजे बारा पावलांत, एक पूर्ण फेरी. जमलं की दोन आवर्तनांत. चक्कर येते ती जमिनीकडे बघितल्यामुळे, म्हणून नजर डोळ्यांच्या पातळीवर ठेवा.

घरात जोडीदार मिळाला तर समोरासमोर उभे राहा. उजवा हात जोडीदाराच्या पाठीवर, डावा त्याच्या दंडावर. दोघांनीही वजन किंचित मागे सोडायचं, म्हणजे एकाचा हात दुसऱ्याला तोलून धरतो आणि फिरण्याचा आस दोघांच्या मधोमध येतो. अंगठ्याने दंड आवळू नका. वजन तळव्यावर आणि पुढच्या हातावर घ्या. मोठ्या सभागृहात जोडी स्वतःभोवती घड्याळाच्या दिशेने फिरते आणि सगळ्या जोड्या मिळून खोलीभोवती उलट दिशेने सरकतात. ही दिशा आतापासून लक्षात असू द्या, नाहीतर प्रत्यक्ष नाचात समोरून येणाऱ्यांवर आदळाल.

बदल म्हणून शॉत्तिस हा दुसरा जोडीचा नाच शिका. चार मात्रा: तीन पावलं आणि एक उसळी, दुसऱ्या पायाने पुन्हा तेच, मग पाऊल-उसळी अशा चार जोड्यांत गिरकी. एका संध्याकाळी येतं. हाम्बो हा तीन मात्रांचा नाच मात्र लगेच घेऊ नका. त्यात दोघांची पावलं वेगवेगळी असतात आणि पडद्यावर बघून ती नीट उलगडत नाहीत.

दुसरा आठवडा: धून कानाने उचला

वाद्य नसेल तरी अडत नाही. त्राल म्हणजे शब्दांशिवाय, ‘दि-दम, ति-रम’ अशा अक्षरांनी धून गाणं. स्वीडनमध्ये वादक नसला तर त्रालवरच नाचत. वाद्य असेल तरी आधी त्राल करा. जे गाता येत नाही ते गजातही येत नाही.

शिक्षक आधी पूर्ण धून तीन-चार वेळा वाजवतात. त्या वेळी हात मांडीवर ठेवा आणि नुसता ठेका धरा. मग ते दोन-दोन आवर्तनांचे तुकडे देतात. साधारण रचना अशी: पहिला भाग 8 आवर्तनं, दोनदा, दुसरा भाग 8 आवर्तनं, दोनदा. एकूण 96 मात्रा, म्हणजे 110 च्या लयीत पन्नासएक सेकंद. तुकडा हातून सुटला तर त्यामागे धावू नका. मुख्य सूर धरून एक आणि तीनवर वाजवत राहा, पुढच्या फेरीत तो पुन्हा येणारच आहे.

रेकॉर्डिंग करायची परवानगी वर्गाच्या सुरुवातीला मागा. खाजगी सरावासाठी ती सहसा मिळते, पण ते कुठे चढवू नका. सरावाला वेग 75 टक्क्यांपर्यंत कमी करा. 50 टक्क्यांवर नाचाचा झोका मोडतो आणि नुसते सूर उरतात.

हार्मोनियमवाल्यांसाठी: फिडलच्या, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या, धुना बऱ्याचदा डी, जी किंवा ए मध्ये असतात, म्हणजे पांढरी 2, पांढरी 5 किंवा पांढरी 6 चा षड्ज धरा. गंभीर वळणाच्या अनेक धुनांत कोमल गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद मिळून किरवाणीचे स्वर दिसतात. चलन मात्र किरवाणीचं नाही, त्यामुळे हाताला सवयीची वळणं घेऊ देऊ नका. जुन्या वादकांचे गंधार आणि निषाद कधीकधी कोमल-शुद्धच्या मध्ये उभे असतात. ते हार्मोनियमवर सापडणार नाहीत, गळ्याने किंवा व्हायोलिनने घ्या.

व्हायोलिनवाल्यांनी गजाचा एक सराव रोज पाच मिनिटं करावा. मोकळ्या ए तारेवर तकधिमि वाजवा: पहिला स्वर सुटा, त्यानंतर दोन-दोन स्वर एका गजात. असं केलं की ‘मि’ आणि पुढचा ‘त’ एकाच गजात बांधले जातात आणि गज मात्रेची सीमा ओलांडून जातो. पुढे ढकलणारी जी ओढ या संगीतात ऐकू येते ती बरीचशी इथून येते. प्रत्येक मात्रेला गज बदललात तर कवायत ऐकू येईल. भारतीय बैठकीत, स्क्रोल पायावर टेकवून वाजवणाऱ्यांनी पायाने ठेका धरायचा असेल तर खुर्चीवर यावं लागेल.

नोटेशन तिसऱ्या दिवसानंतर उघडा. 1922 ते 1940 दरम्यान 24 खंडांत निघालेला ‘स्वेन्स्का लोतार’ हा हजारो धुनांचा संग्रह आहे, आणि फोल्कविकी या संकेतस्थळावर खुल्या धुना मिळतात. धुनेच्या नावात ‘एफ्तर’ आणि एखाद्या वादकाचं नाव असतं, म्हणजे ती त्याच्याकडून आलेली. वाजवण्याआधी ते नाव घेण्याची रीत आहे, आपल्याकडे बंदिशीआधी घराणं सांगतात तशी.

वाकड्या मात्रा

नोटेशनमधल्या तीन मात्रा समान दिसतात. डालार्ना प्रांताच्या पश्चिमेच्या आणि वेर्मलांड प्रांताच्या अनेक पोल्स्कांत पहिली मात्रा आखूड असते. डालार्नातल्याच बूडा गावच्या पोल्स्कांत दुसरी मात्रा लवकर येते. मेट्रोनोम लावलात तर तो तुमच्याशी भांडत राहील, म्हणून बंद करा. अशी धून बसून मोजण्यापेक्षा त्या गावच्या नाचाचा व्हिडिओ लावा, नाचणाऱ्यांच्या गुडघ्यांकडे बघा आणि शरीर खाली जातं तिथे टाळी द्या. पहिले दोन-तीन महिने मात्र या वाटेला जाऊ नका. सरळ स्लेंगपोल्स्का पायात मुरल्याशिवाय वाकडी मात्रा नुसती चूक वाटते.

निकेलहार्पा या गजाने वाजवायच्या, किल्ल्या असलेल्या स्वीडिश वाद्याचा मोह सगळ्यांना होतो. आजच्या प्रचलित वाद्याला 16 तारा असतात: 3 सुरावटीच्या, 1 आधारसुराची, 12 तरफा. सतारीच्या तरफांप्रमाणे त्या आपोआप गुंजतात. हे रूप 1929 च्या सुमारास ऑगस्ट बोलिन आणि पुढे एरिक साल्स्ट्रम या वादकांच्या कामातून घडलं. वाद्य महाग आहे आणि दमट हवेत सुरात ठेवणं जिकिरीचं. वर्षभर त्राल आणि व्हायोलिनवर धुना जमवा, मग विचार करा.

पुण्या-मुंबईत असेच दोघे-तिघे शिकणारे सापडले, तर जमूलस किंवा सोनोबस या कमी उशिराच्या ऑनलाइन वादनाच्या ॲपवर वायरचं इंटरनेट लावून एकत्र वाजवता येतं, कारण हे अंतर छोटं आहे. दरम्यान घरच्या घरी एक चाचणी घ्या. बसलेली धून फोनवर रेकॉर्ड करा, ठेक्याचा आवाज त्यात येऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी ती लावून नाचा. पाय दोनवर जड पडत असेल तर तुम्ही दुसऱ्या मात्रेवर गज दाबताय. एकवर पोचायला घाई होत असेल तर तिसरी मात्रा पूर्ण न वाजवता सोडताय. नेमकं तेवढंच आवर्तन काढून पुन्हा वाजवा.